दवंडी, टपाल आणि टेक्निशियनच्या पिशवीतला डबा

ऑफिसातला कॉपियर दुरुस्त करायला येणाऱ्या टेक्निशियनच्या पिशवीत स्क्रूड्रायव्हर, टोनर पुसायची फडकी आणि एखादा सुटा रोलर यांच्या सोबतीला बहुधा आणखी एक वस्तू असते : तळहाताएवढा, चार-पाच केबली लावता येतील असा नेटवर्क स्विच. यंत्राचे काम कागद ओढण्याचे आणि छापण्याचे. मग त्याच्या दुरुस्तीला हा डबा कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर शोधायला पन्नास वर्षे मागे जावे लागते, आणि ते सुरू होते एका छपाईयंत्रापाशीच.

महाराष्ट्रात छायाप्रतीला 'झेरॉक्स' म्हणतात. तहसील कचेरीसमोरच्या टपरीवर यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, पाटीवर शब्द तोच. ज्या अमेरिकन कंपनीच्या नावाचा हा शब्द झाला, तिने १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एक संशोधन केंद्र उभारले. गॅरी स्टार्कवेदर हा अभियंता तेथे लेझर किरणाने कागदावर प्रतिमा उमटवण्याच्या खटाटोपात होता. न्यूयॉर्क राज्यातील जुन्या प्रयोगशाळेत वरिष्ठांनी त्याच्या कल्पनेला थारा दिला नव्हता; पालो आल्टोत मात्र तिचे चालते यंत्र झाले. ते सेकंदाला एक पान छापी, इंचाला ५०० ठिपके या बारकाईने. अमेरिकन पत्राच्या आकाराचे एक पान काठोकाठ भरायचे तर सुमारे २ कोटी ३३ लाख ठिपके लागत, आणि पुढच्या सेकंदाला पुढचे पान तयार पाहिजे! त्याच इमारतीत प्रत्येकाच्या टेबलावर 'ऑल्टो' नावाचा संगणक येऊ घातला होता. एवढ्या सगळ्या टेबलांवरून या एका भुकेल्या यंत्राला खाद्य पुरवायचे कसे, हा प्रश्न आला रॉबर्ट मेटकाफ या तरुण संशोधकाकडे.

२२ मे १९७३ रोजी मेटकाफने आपल्या सहकाऱ्यांसाठी एक टिपण लिहिले. 'इथरनेट' हे नाव त्यात आले. डेव्हिड बॉग्ज या जोडीदाराबरोबर त्याने ते प्रत्यक्षात उतरवले. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटाबेटांतले संगणक रेडिओलहरींनी जोडण्याची 'अलोहानेट' ही पद्धत उभी केली होती. तिच्यातले मर्म मेटकाफने केबलीत आणले. सर्वांसाठी एकच केबल. ज्याला बोलायचे त्याने आधी कानोसा घ्यावा, शांतता असेल तर बोलावे. दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबून, थोडा यादृच्छिक वेळ जाऊ देऊन पुन्हा प्रयत्न करावा. वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. छपाईच्या त्या संपूर्ण व्यवस्थेला तेथील मंडळी 'इअर्स' म्हणत : इथरनेट, ऑल्टो, रिसर्च कॅरेक्टर जनरेटर आणि स्कॅन्ड लेझर आउटपुट टर्मिनल यांची आद्याक्षरे. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ 'कान'. योगायोगच, पण पुढच्या साऱ्या इतिहासाला शोभणारा.

कारण या रचनेत ऐकणे सर्वांच्याच वाट्याला येत असे. इथरनेटची केबल म्हणजे गावातली दवंडी. निरोप कोणा एकासाठी असला तरी तो सगळ्या गल्लीत पुकारला जाई. आपला नसेल त्याने कानाआड करायचा, एवढाच शिष्टाचार. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला स्वतःचा पत्ता असे आणि कार्ड आपल्या पत्त्याचे तेवढेच उचली. पण कार्डाला 'सगळे उचल' असे सांगणे अवघड नव्हते.

१९८० मध्ये झेरॉक्स, डिजिटल आणि इंटेल या तीन कंपन्यांनी १० मेगाबिटांचे प्रमाण जाहीर केले. १९८३ मध्ये ते आयईईईच्या ८०२.३ मानकात आले. त्या काळची केबल अंगठ्याएवढी जाड असे. ती ५०० मीटरपर्यंत जाई, तिच्यावर दर अडीच मीटरला खूण असे, आणि खुणेवर छिद्र पाडून सुळा रुतवला की एक यंत्र जोडले जाई. या जोडणीला 'व्हॅम्पायर टॅप' असे नाव पडले यात नवल नाही. मग बारीक, स्वस्त केबल आली. ती १८५ मीटरपर्यंत जाई आणि टेबलामागून टेबलाकडे 'टी' आकाराच्या जोडण्यांनी गुंफली जाई. स्वस्ताईची किंमत निराळ्या प्रकारे मोजावी लागे. कोणाच्या खुर्चीचा पाय लागून एक जोड सैल झाला की त्या केबलीवरचे सारेच संगणक मुके होत. दोष शोधायचा तर टेबलाखाली वाकत एक-एक जोड तपासत जाणे, हाच मार्ग.

या वाकण्यातून सुटका केली हबने. झेरॉक्सच्याच केंद्रातून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९८५ मध्ये सिनॉप्टिक्स ही कंपनी काढली आणि प्रत्येक टेबलापासून स्वतंत्र केबल एका मध्यवर्ती डब्यात आणण्याचा मार्ग रूढ केला. १९९० मध्ये टेलिफोनसारख्या पीळदार तारांवरचे इथरनेट मानक म्हणून मान्य झाले. आता एक केबल तुटली तर एकच यंत्र बंद पडे, आणि प्रत्येक जोडणीशेजारी एक इवलासा दिवा असे. हा दिवा दुरुस्ती करणाऱ्यांच्या दृष्टीने मोठीच क्रांती होती. जोडणी आहे की नाही, हे कोणालाही विचारल्यावाचून डोळ्यांना दिसू लागले. हबच्या आत मात्र जुनीच दवंडी होती : एका तोंडातून आलेला संदेश तो बाकीच्या सर्व तोंडांतून ओरडून सांगे.

छोटा, चार तोंडांचा हब पिशवीत पडला तो याच दशकात, आणि त्याची पहिली कारणे अगदी साधी होती. ऑफिसच्या भिंतीत एकच सॉकेट असे आणि त्यावर कॉपियर व लॅपटॉप दोन्ही लावायचे असत. शिवाय दोन यंत्रे साध्या केबलीने थेट जोडली तर दोघांचीही बोलायची तार बोलायच्याच तारेला भिडे. त्यासाठी निराळी क्रॉस केबल लागे, जी नेमकी त्या दिवशी घरी राहिलेली असे. ह्यूलेट-पॅकार्डच्या अभियंत्यांनी तारा आपोआप ओळखण्याची युक्ती काढली आणि ती सर्वत्र पसरली, तेव्हा हे दुखणे संपले. तोवर हबच मदतीला येई.

तिसरे कारण मात्र खोल होते : ऐकणे.

१९८६ मध्ये हॅरी साल आणि लेन शुस्टेक यांनी नेटवर्क जनरल ही कंपनी स्थापली. तिचे 'स्निफर' हे उत्पादन म्हणजे कॉम्पॅकच्या सुटकेसएवढ्या, उचलून नेता येणाऱ्या संगणकात बसवलेले ऐकण्याचे यंत्र. किंमत १९,९९५ डॉलर. तारेवरून जाणारा प्रत्येक संदेश उलगडून ते मनुष्याला वाचता येईल अशा भाषेत मांडी. एवढी किंमत मोठ्या कंपन्यांनाच परवडे. १९८८ मध्ये बर्कलीच्या लॉरेन्स प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅककॅन यांनी 'टीसीपीडम्प' लिहिले. १९९८ मध्ये जेराल्ड कोम्ब्सने 'इथेरियल' खुले केले. २००६ मध्ये त्याचे नाव 'वायरशार्क' झाले. वीस हजार डॉलरांची कला अशा रीतीने फुकट झाली आणि कोणत्याही लॅपटॉपवर मावू लागली.

याच सुमारास छपाईयंत्रे स्वतःच नेटवर्कवर येऊन बसत होती. १९९१ च्या एचपी लेझरजेट थ्री-एसआयमध्ये नेटवर्क कार्ड बसवता येई. दशकाच्या अखेरीस कॉपियरही डिजिटल झाले. ते छापू लागले, स्कॅन करून मेल धाडू लागले, दुसऱ्या संगणकाच्या फोल्डरमध्ये फाईल टाकू लागले. आणि एक नवे भांडण जन्माला आले, जे आजही मिटलेले नाही. ग्राहक म्हणतो, यंत्र बिघडले. यंत्रवाला म्हणतो, नेटवर्क बिघडले. नेटवर्कवाला म्हणतो, बाकी सगळे तर व्यवस्थित चालते आहे! तिघेही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. भाड्याने घेतलेले यंत्र बदलायचे की नाही, फेरीचे पैसे कोणी द्यायचे, कोणाच्या नोकरीवर बोट ठेवायचे, हे सारे त्या उत्तरावर ठरत असे. अशा वेळी चार तोंडांचा हब साक्षीदाराचे काम करी. भिंत आणि कॉपियर यांच्यामध्ये तो लावायचा, तिसऱ्या तोंडाला लॅपटॉप जोडायचा, आणि कोण प्रथम बोलले, कोणी उत्तर दिले नाही, हे नोंदवून घ्यायचे.

पण हा साक्षीदार ज्या दवंडीवर जगत होता, तीच बंद पडण्याच्या मार्गावर होती.

सिलिकॉन व्हॅलीत विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांची 'कल्पना' नावाची कंपनी होती. नाव मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. आपला रोजचाच शब्द तो. १९९० मध्ये या कंपनीने सात तोंडांचा 'इथरस्विच' बाजारात आणला. तत्त्व त्याआधीच्या 'ब्रिज' या उपकरणाचेच होते : कोणत्या तोंडावर कोणाचा पत्ता आहे हे येणाऱ्या संदेशांवरून शिकायचे आणि पुढचा संदेश त्याच तोंडाला द्यायचा. फरक वेगाचा होता. कल्पनाचा डबा संदेश पुरता आत येण्याची वाट न पाहता पत्ता वाचताक्षणी त्याला पुढे सोडी. मराठीत 'स्विच' म्हटले की भिंतीवरचे बटण आठवते, पण येथे रेल्वेचा सांधा आठवावा. गाडी येते, सांधेवाला रूळ बदलतो, आणि ती नेमक्या फलाटाला लागते. दवंडीची जागा टपालाने घेतली. १९९४ मध्ये सिस्कोने कल्पना विकत घेतली आणि पुढच्या दहा वर्षांत ऑफिसांच्या कपाटांतून हब जवळजवळ हद्दपार झाले.

वेग हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण भीती. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेतील सर्ट या संगणक-सुरक्षा केंद्राने इशारा दिला, की घुसखोरांनी नेटवर्कवर कान लावून हजारो यंत्रांचे पासवर्ड गोळा केले आहेत. त्या काळी पासवर्ड उघड्या अक्षरांत धावत. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असाच प्रकार घडल्यावर टाटू युलोनेन याने 'एसएसएच' लिहिले. टेक्निशियन ज्या कानाने दोष शोधी, त्याच कानाने चोरही ऐकत असे. साधन एक, हात दोन. स्विचमुळे आपण सुरक्षित झालो असे अनेकांना वाटले. २००० च्या सुमारास डग साँगच्या 'डीस्निफ' या साधनसंचाने तो भ्रमही दूर केला. खोट्या पत्त्यांचा मारा करून स्विचची पत्त्यांची वही भरून टाकली, की बिचारा गोंधळून पुन्हा सगळीकडे ओरडू लागे.

प्रामाणिक टेक्निशियनची पंचाईत मात्र खरीच होती. त्याने लॅपटॉप स्विचला लावला तर त्याला ऐकू येई ते फक्त स्वतःचे बोलणे आणि सर्वांसाठी उद्देशून केलेले पुकारे. कॉपियर आणि सर्व्हर यांच्यातला संवाद त्याच्या शेजारून निमूटपणे निघून जाई. म्हणून जुन्या हबांना मोल आले. नेटगिअरचे निळ्या धातूचे चार तोंडांचे छोटे हब लोकांनी जपून ठेवले. त्यातही सापळे होते. १० आणि १०० मेगाबिट अशा दोन्ही वेगांना चालणाऱ्या हबच्या पोटात वास्तविक दोन हब असत आणि त्यांच्यामध्ये एक छोटा स्विच. जुना कॉपियर १० वर, नवा लॅपटॉप १०० वर. दोघे एकाच डब्याला लागलेले, दिवे पेटलेले, आणि लॅपटॉपला कॉपियरचा एक शब्दही ऐकू येत नसे! उपाय सोपा होता, पण ठाऊक असणाऱ्यालाच : लॅपटॉपचा वेग हाताने १० वर आणायचा. शिवाय बाजारात 'हब' म्हणून विकलेले काही डबे आतून चक्क स्विच असत.

या काळातल्या दोषांपैकी एकाची कथा विस्ताराने सांगण्याजोगी आहे. १९९५ मध्ये १०० मेगाबिटांच्या मानकाबरोबर दोन यंत्रांनी आपसांत बोलणी करून वेग ठरवण्याची पद्धत आली. एकाच वेळी बोलायचे आणि ऐकायचे, की आळीपाळीने, हेही त्याच बोलणीत ठरे. पण एका बाजूला हाताने 'दोन्ही एकदम' असे पक्के करून ठेवले, तर ती बाजू बोलणीच करत नसे. दुसऱ्या बाजूला उत्तर मिळत नसल्याने ती नियमाप्रमाणे 'आळीपाळीने' असे धरून चाले. मग एक जण खुशाल बोलत राही आणि दुसरा प्रत्येक वेळी टक्कर झाली समजून थांबे. दिवा पेटलेला असे. पिंग लावला तर उत्तर येई, कारण तेवढा छोटा संदेश टक्कर न होता निसटून जाई. चाचणीचे पान सुरेख छापले जाई. आणि चाळीस पानांचा अहवाल पाठवला, की यंत्र मिनिटामिनिटाला अडखळे. अशा दोषाने किती रोलर आणि किती बोर्ड विनाकारण बदलले गेले असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पिशवीतल्या छोट्या स्विचने हा गुंता फोडता येई, तोही काहीही न ऐकता. कॉपियरची केबल भिंतीतून काढायची, कॉपियर आणि लॅपटॉप हे दोघेच त्या डब्यावर जोडायचे आणि मोठी फाईल छापायची. बाहेरच्या जगाशी संबंध नाही, सर्व्हर नाही, कपाटातला मोठा स्विच नाही. येथेही अडखळले तर दोष कॉपियरच्या मांडणीत, कार्डात किंवा लॅपटॉपच्या ड्रायव्हरमध्ये. येथे सुरळीत चालले तर भिंतीपलीकडे. वैद्य जसा एकेक पदार्थ बंद करून पथ्य पाहतो, तशी ही पद्धत. कॉपियरच्या पडद्यावरील पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला पत्ता वाटणाऱ्या सर्व्हरने उत्तरच दिलेले नाही, हेही येथेच लक्षात येई.

ऐकण्याची सोय पुढे निराळ्या वाटेने परत आली. मोठ्या स्विचमध्ये एका तोंडावरच्या साऱ्या वाहतुकीची नक्कल दुसऱ्या तोंडाला देण्याची व्यवस्था असे; सिस्को तिला 'स्पॅन' म्हणते, सर्वसाधारण नाव 'पोर्ट मिररिंग', म्हणजे आरसा धरणे. पण ते स्विच जड, महाग आणि कपाटात बंद. त्यांची किल्ली नेटवर्कवाल्याकडे. हळूहळू हीच सोय पाच-आठ तोंडांच्या स्वस्त डब्यांत उतरली, आणि नेटगिअर व टीपी-लिंक यांचे असे डबे आज सहज मिळतात. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारेही निघाले. त्यामुळे कॉपियरमागे सॉकेट शोधत गुडघे टेकणे वाचले. हबने वाहतूक १० मेगाबिटांवर आणि आळीपाळीवर ओढली जाई, म्हणजे ज्या परिस्थितीत दोष उद्भवला ती परिस्थितीच बदले. आरसा धरणाऱ्या स्विचमध्ये ती अडचण बरीच कमी झाली.

या सोयीला एक अट आहे आणि ती तांत्रिक नाही. परवानगी. नेटवर्क सांभाळणारे अनोळखी डब्याला भितात, आणि त्यांची भीती अनाठायी म्हणता येत नाही. स्विचची दोन तोंडे चुकून एकाच नेटवर्कला दोनदा जोडली गेली तर संदेश वर्तुळात फिरत राहतात आणि वाढत जातात. हे टाळण्यासाठी रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये 'स्पॅनिंग ट्री' ही रीत शोधली. पण पिशवीतल्या स्वस्त डब्यांना ती बहुधा ठाऊक नसते. मोठ्या जाळ्यात ही रीत कोसळली तर काय होते, ते १३ नोव्हेंबर २००२ रोजी बोस्टनमधील बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाने पाहिले. जाळे वाजवीपेक्षा पसरलेले होते, वाहतुकीचा एक लोंढा आला, आणि त्या रुग्णालयाला काही दिवस कागद-पेनावर कारभार चालवावा लागला. तेथे कोणा टेक्निशियनचा दोष नव्हता, पण धडा सर्वांनी घेतला. आज अनेक कार्यालयांत भिंतीतल्या सॉकेटला ओळख न पटलेले यंत्र लावले की सॉकेटच बंद होते. म्हणून जाणता टेक्निशियन डबा काढण्याआधी विचारतो, आणि ऐकायचे असेल तर केवळ कॉपियरचेच ऐकतो.

त्या ऐकण्याचे मोल २०१७ मध्ये पुन्हा दिसले. मे महिन्यात 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने विंडोजमधील फाईल-वाटपाच्या एसएमबी या व्यवस्थेतली त्रुटी वापरून जगभर धुमाकूळ घातला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने नव्याने बसवलेल्या संगणकांवर एसएमबीची पहिली, जुनाट बोली देणे बंद केले. परिणाम कॉपियरवर झाला. संगणक बदलला आणि स्कॅन केलेली फाईल फोल्डरमध्ये पडेनाशी झाली. कॉपियर तोच, केबल तीच, पासवर्ड तोच. यंत्राच्या पडद्यावर केवळ 'पाठवता आले नाही'. आरसा धरून पाहिले की गोष्ट दोन-तीन ओळींत उलगडे : जोडणी होते, कॉपियर जुन्या बोलीत नमस्कार करतो, आणि संगणक तत्क्षणी जोडणी तोडतो. मग निर्मात्याकडून नवे फर्मवेअर मिळते का पाहायचे, नाहीतर स्कॅनची वाट मेलकडे वळवायची. जुनी बोली पुन्हा सुरू करून देणे हा तिसरा उपाय होता, आणि तो सर्वांत सोपा असल्यामुळेच सर्वांत वाईट.

हबचे युग कागदोपत्रीही संपले आहे. २०११ पासून आयईईईच्या मानकाने नव्या जोडणीसाठी त्याचा वापर अप्रशस्त ठरवला. उलट दिशेनेही एक गंमत घडते आहे. अतिवेगवान नव्या स्विचची काही तोंडे १० मेगाबिटांचा वेग ओळखतच नाहीत. जुना कॉपियर त्यांना लावला तर दिवाच पेटत नाही. मधे पिशवीतला स्वस्त डबा ठेवला की दोन पिढ्या पुन्हा बोलू लागतात, आणि टेक्निशियन निघून गेला तरी तो डबा बहुधा कॉपियरच्या पाठीमागे तसाच राहतो.